स्कूटरवरचा तिसरा

परवा माझा नातू कोपर खरचटून घरी आला. ‘क्लासच्या जिन्यावर पाय घसरला’, असे त्याने आईला सांगितले. जिन्यावर घसरलेल्याच्या पँटला डांबर कसे लागले, हा प्रश्न मी गिळला. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर खोटी सही लांबून ओळखता येते. पण ओळखली हे लगेच बोलून दाखवायचे नसते, हेही तिथेच शिकायला मिळते.

रात्री गच्चीवर ते आपसूक बाहेर आले. मित्राने घरची स्कूटर आणली होती. नववीतली तीन मुले, गाडी एक, परवाना कोणाकडेच नाही. हा तिसरा, सगळ्यांत मागे. वळणावर वाळू होती.

‘तुला बसायचे होते का?’

‘नव्हते.’

‘मग?’

‘ते दोघे बसले होते, आजोबा. मी एकटाच चालत आलो असतो, तर उद्या वर्गात काय म्हणाले असते?’

रागवायला मी तोंड उघडले आणि मिटले. मला २००० सालातली एक दुपार आठवली. जेवणाची सुटी, टेबलावर डबे उघडलेले. एक सहकारी कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढत होता आणि जामिनाचा फॉर्म हातोहात फिरत होता. त्याचे व्यवहार मला चांगले ठाऊक होते. बाहेरचा कोणी तसा हिशेब घेऊन आला असता, तर मी त्याला दारातूनच वाटेला लावले असते. पण आधीच्याने सही केली होती आणि बाकीचे माझ्याकडे बघत होते. मी डबा सरकवला आणि सही केली. पुढे दीड वर्ष माझ्या पगारातून हप्ते कापले गेले. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो, आणि काम करत होतो कर्ज विभागात!

तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला ‘उद्या मित्राने विहिरीत उडी मारली तर तूही मारशील का?’ असे विचारण्यात अर्थ नाही. चार जण बघत असतील, तर मारेलही. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळातून हेच तपासले. मित्र शेजारी असले की कुमारवयातली मुले एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करत. प्रौढांच्या खेळात फारसा फरक पडत नसे. घरातला शहाणा मुलगा कोपऱ्यावर वेगळाच का वागतो, याचे उत्तर बरेचसे इथे आहे.

त्याहून जुना एक प्रयोग मला जास्त कामाचा वाटतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी सॉलोमन अ‍ॅश यांनी कॉलेजातल्या तरुणांना एक रेघ दाखवली आणि शेजारच्या तिघींपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारले. बालवाडीतल्या मुलालाही यावे असे उत्तर. पण खोलीतले बाकीचे सगळे अ‍ॅश यांनीच पढवून ठेवलेले होते आणि ते ठरवून चुकीची रेघ सांगत. चारांतल्या तिघांनी एकदा तरी त्यांच्या सुरात सूर मिसळला. मात्र त्या गर्दीत एकच जण जरी बरोबर उत्तर देणारा ठेवला, तरी चुकांचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर येई. एकच जण!

म्हणून ‘ती संगत सोड’ असे मी त्याला म्हटले नाही. पोरे वाईट नाहीत. शिवाय मित्रांच्या दडपणाने चांगलेही घडते; वाचनालयात मी पहिल्यांदा गेलो तो मित्र जात होता म्हणून. मी एवढेच विचारले, ‘त्या दोघांत घाबरलेले कोणी होते का?’

तो विचारात पडला. ‘मधला. त्याने पुढच्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला होता.’

म्हणजे तिघांपैकी दोघांना नको होते, आणि दोघांनाही वाटत होते की आपणच एकटे भित्रे.

‘पुढच्या वेळी आधी त्याच्याकडे बघ,’ मी म्हटले. आणि माझ्या धंद्यातली एक युक्ती त्याला दिली. ओळखीचा माणूस कर्ज मागायला आला की ‘मी देणार नाही’ असे आम्ही कधी म्हणत नसू. ‘माझे काही नाही हो, हेड ऑफिस नामंजूर करते,’ असे सांगायचे. कर्जही वाचे, ओळखही टिके. मुलांना असे एक हेड ऑफिस लागते. ‘माझे आजोबा खवीस आहेत, सायकलसुद्धा काढून घेतील, असे बेलाशक सांग.’

‘खवीस म्हणू?’

‘म्हण. आणि २०१९ ची कायद्यातली दुरुस्तीही सांग. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली, तर पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मित्राच्या बाबांची काळजी केली, तर तुला कोणी भित्रा म्हणणार नाही.’

शिवाय एक ठरवून टाकले. त्याने मिसकॉल द्यायचा, मी लगेच फोन करून सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडायचे. तो घरी आल्यावर त्या दिवशी एकही प्रश्न विचारायचा नाही. ही शेवटची अट पाळणे मला जड जाणार आहे, हे मी जाणून आहे.

जामिनाची गोष्ट मी त्याला सांगितली होती. खाली उतरताना त्याने विचारले, ‘आजीला कधी सांगितलेत?’

‘चार महिन्यांनी.’

तो जिन्यात थांबला. ‘मी आईला उद्या सांगतो,’ म्हणाला. मग स्वयंपाकघरातला दिवा अजून चालू दिसला, तसा तिकडेच वळला.