विश्लेषण : महिला राखीव जागेवर तृतीयपंथी उमेदवार लढू शकतात का?

ग्रामपंचायतीची आरक्षण सोडत निघाली, की शिरूर असो वा दौंड, गावात पहिली चौकशी एकच असते : आपला वॉर्ड कुणाला सुटला? राज्यात ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात. अशा जागेवर स्वतःला स्त्री मानणाऱ्या तृतीयपंथी व्यक्तीने अर्ज भरला तर? या प्रश्नाचा निकाल जळगाव जिल्ह्यातील एका गावाच्या निवडणुकीत लागला.

भादलीत काय घडले?
भादली बुद्रुक येथील अंजली पाटील यांनी महिला राखीव वॉर्डातून अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत आणि या वर्गासाठी ग्रामपंचायतीत आरक्षण नाही, असे सांगून छाननीत तो बाद करण्यात आला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. २ जानेवारी २०२१ रोजी न्या. रवींद्र घुगे यांनी त्यांना लढण्यास परवानगी दिली. त्याच महिन्यात त्या निवडून आल्या.

न्यायालयाचा आधार कोणता?
स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी मान्य केला होता. २०१९ च्या कायद्यातही तो आला. मात्र उच्च न्यायालयाने एक अट घातली : एकदा स्त्री ही ओळख निवडल्यावर सोयीनुसार ती बदलता येणार नाही.

आधी काय होत होते?
मध्य प्रदेशातील कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड न्यायालयाने रद्द ठरवली होती. जागा महिलांसाठी राखीव होती, हेच कारण. तो निकाल २०१४ च्या आधीचा. म्हणजे मतदारांनी कौल दिला, तरी पद टिकले नाही.

आमदारकीची वाट किती मोकळी?
मध्य प्रदेशातील सोहागपूरमधून शबनम मौसी १९९८ ते २००३ च्या विधानसभेत पोहोचल्या. महाराष्ट्रात २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातील तरंगफळचे सरपंचपद ज्ञानेश्वर कांबळे यांनी जिंकले. राज्याच्या २८८ जणांच्या विधानसभेत मात्र तृतीयपंथी आमदार अद्याप नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ खुले आहेत. तिथे लिंगाची अट आड येत नाही. अडचण असते ती पक्षाचे तिकीट, पैसा आणि कार्यकर्त्यांची.

पुढे काय?
२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांच्या एकतृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली आहे. ती लागू झाल्यावर भादलीच्या वॉर्डातला प्रश्न विधानसभेच्या उमेदवारी अर्जावरही येईल. स्वतःला स्त्री मानणाऱ्यांना तेव्हा या निकालाचा दाखला देता येईल. स्त्री वा पुरुष यांपैकी कोणतीच ओळख न स्वीकारणाऱ्यांपुढे मात्र खुल्या जागेचाच पर्याय उरतो.