खरूज रक्तातून येत नाही

‘डॉक्टर, रक्त खराब झालंय, रक्तशुद्धीचं औषध द्या,’ असे खरजेचे रुग्ण आजही सांगतात. पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातले अनेक नामवंत डॉक्टरही याच मताचे होते. शरीरातले दोष खरजेच्या रूपाने बाहेर पडतात आणि ती वरवर दाबली तर रोग आत जातो, असे ते मानत. या समजाला मोठा धक्का दिला फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी. आधुनिक त्वचारोगशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

१८१६ साली आजच्या झेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे जन्मलेल्या हेब्रांनी १८४१ मध्ये व्हिएन्नात वैद्यकीय पदवी घेतली. तिथल्या सार्वजनिक रुग्णालयात ते योसेफ श्कोडा यांच्या छातीच्या रोगांच्या विभागात काम करू लागले. त्वचारोग्यांचा कक्षही याच विभागाला जोडलेला होता आणि त्यात खरजेचे रुग्ण भरपूर होते. श्कोडांनी तो कक्ष या तरुण डॉक्टरकडे सोपवला.

खरजेचा किडा तोवर अज्ञात नव्हता. १६८७ मध्ये इटलीत त्याचे सूक्ष्मदर्शकाखाली वर्णन झाले होते. १८३४ मध्ये पॅरिसमध्ये रेनुची या विद्यार्थ्याने तो सुईने काढून दाखवला होता. तरीही, किड्यामुळे खरूज होते की खरजेमुळे किडा निर्माण होतो, हा वाद मिटला नव्हता. हेब्रांनी किडे स्वतःच्याच त्वचेवर सोडले आणि त्यांना खरूज झाली. निरोगी माणसालाही केवळ किड्यामुळे खरूज होते, हे त्यातून दिसले. मग उपायही वरून किडा मारण्याचाच हवा. १८४४ मध्ये त्यांनी खरजेवरचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

आज आपल्याला या किड्याची बरीच माहिती आहे. जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसलेली मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून रोज दोन-तीन अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे घरात एकच जण खाजवत असतो, तेव्हा शेजारी झोपणाऱ्यालाही लागण झालेली असू शकते.

उपचार फसतात ते बहुधा इथेच. मलम एकालाच लावले जाते आणि घरातल्या दुसऱ्याकडून खरूज पुन्हा येते. म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावावे. पाच टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून रात्रभर ठेवतात. साधारण आठवड्याने पुन्हा लावतात. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून घ्यावे. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते. घाबरून रोज मलम चोपडू नये. दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने खाज तात्पुरती दबते, किडा मात्र तसाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेचा दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत समावेश केला. दुर्लक्षाला लाजेचीही जोड आहे. खरूज स्वच्छ राहणाऱ्यालाही होते. दाटीवाटीने राहावे लागले की ती लवकर पसरते. तेव्हा लपवू नका, आणि दवाखान्यात येताना घरच्यांनाही सोबत आणा.