न धरलेलं वजन : पॅराशूटच्या इतिहासातून संशोधनाचा एक धडा

१८ एप्रिल २००४. पुण्याच्या शीतल महाजन यांनी उत्तर ध्रुवावर २४०० फुटांवरून उडी मारली. तापमान उणे ३७ अंश. सरावाची एकही उडी झालेली नव्हती. ही आयुष्यातली पहिलीच! धाडस त्यांचं होतंच, पण पाठीवरची छत्री उघडेल हा भरवसा कुठून आला? तो दोनशे वर्षांच्या चुकांमधून आला. संशोधनाकडे वळणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी त्यातली एक चूक फार मोलाची आहे.

सुरुवात पॅरिसपासून करू. २२ ऑक्टोबर १७९७ रोजी आंद्रे-जाक गार्नरँ फुग्यातून सुमारे ३००० फूट वर गेला आणि कापडी छत्रीला टांगलेल्या टोपलीतून खाली आला. जिवंत उतरला, पण टोपली वाटभर झोपाळ्यासारखी हेलकावत होती. कारण साधं आहे. छत्रीत कोंडलेल्या हवेला वाट हवी असते. ती कधी या काठाखालून निसटते, कधी त्या, आणि छत्री कलंडत राहते. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवायला लागले आणि हेलकावे कमी झाले.

१८०२ मध्ये लंडनला गार्नरँची उडी पाहणाऱ्यांत रॉबर्ट कॉकिंग नावाचा चित्रकार होता. हेलकाव्यांचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. जॉर्ज केली या नामवंत शास्त्रज्ञाचा १८०९-१० मधला निबंध त्याच्या वाचनात आला : उलट्या शंकूच्या आकाराची छत्री अधिक स्थिर राहील. कॉकिंगने तशीच बांधली. २४ जुलै १८३७ रोजी, वयाच्या ६१व्या वर्षी, तो सुमारे ५००० फुटांवरून सुटला. छत्री हवेतच मोडली आणि कॉकिंग गेला.

आता नीट बघा. केलीची कल्पना चुकीची नव्हती. शंकू खरंच स्थिर असतो. पण निबंधात छत्रीच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नीट धरलेला नव्हता. कॉकिंगची छत्री शंभर किलोच्या आसपास, म्हणजे त्याच्यापेक्षाही जड होती. उतरण्याचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. वजन दुप्पट झालं की वेग साधारण १.४ पट. वर सांगाडाही कमकुवत. मोठ्या माणसाचा पेपर वाचला, निष्कर्ष उचलला, पण त्यात काय *गृहीत* धरलंय ते तपासलं नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपणही हेच करतो की नाही? फरक इतकाच, आपल्याला फार तर रिव्ह्यूअर झापतो.

दुसरी बाजूही पाहा. मोकळं पडताना माणूस शुद्ध हरपेल, स्वतः छत्री उघडूच शकणार नाही, असं अनेकांना वाटे. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत लेस्ली आयर्विनने विमानातून उडी मारली आणि स्वतः दोरी ओढून छत्री उघडली. उतरताना घोटा मोडला, पण समज खोटा ठरला. ऐकीव समजाला एक नीट आखलेला प्रयोग पुरतो.

जीव वाचवण्याचं साधन भरवशाचं झालं, मगच त्याचा खेळ झाला. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या ब्लेड इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. कस होता ठरल्या जागी उतरण्याचा. १९६० च्या दशकात डोमिना जॅल्बर्टने हवा भरून फुगणारं, पंखासारखं पॅराशूट बनवलं. मग छत्री नुसती खाली येईना, हवी तिकडे वळवता येऊ लागली. २०१८ मध्ये शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, ती या सगळ्याच्या जोरावर.

आता तुमचं काम. प्लास्टिकची पिशवी, चार दोरे आणि एक नट घ्या. वारा पडलेला असताना गच्चीवरून सोडा. एकदा भोकाशिवाय, एकदा मधोमध भोक पाडून. पनवेलला पावसाळ्यात हे जमणार नाही, वारा सगळं रीडिंग बिघडवतो. प्रत्येक वेळी दहादा सोडा आणि वेळ लिहून ठेवा. आणि हो, पिशवीचंही वजन करा. कॉकिंगचं तेवढंच राहिलं होतं.