साथीच्या दिवसांत दुकानें उघडीं असावींत कीं बंद?

गांवांत साथ शिरली म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा व दुसरा दुकानाचा. दुकान उघडें ठेवावें तर माणसें जमतात व रोग पसरतो. बंद ठेवावें तर घरांतील चूल आणि शेतांतील पीक दोन्ही अडतात. २०२० व २०२१ या दोन सालीं हा प्रश्न आपल्या सर्वांच्या दाराशीं येऊन उभा राहिला होता. ती साथ ओसरली, दुकानेंही केव्हांच उघडलीं. मग आतां ही चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें शेतकऱ्यास दुसऱ्यानें सांगावयास नको. रोग अंगावर आला असतां माणूस एकतर भितो किंवा चिडतो, व त्या दोन्ही स्थितींत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. म्हणून शांतपणें विचार करण्याची वेळ हीच आहे.

प्रथम काय घडलें तें क्रमानें पाहूं. ता. २४ मार्च २०२० च्या रात्रीं पंतप्रधानांनीं देशभर टाळेबंदी जाहीर केली, व २५ मार्चपासून एकवीस दिवस किराणा, भाजीपाला, दूध, औषधें अशीं नित्य गरजेचीं दुकानें वगळून बाकीचा व्यापार थांबला. तीनच दिवसांनीं, २७ मार्च रोजीं, केंद्र सरकारास पुरवणी हुकूम काढावा लागला, व शेतांतील कामें, बाजार समित्या, भाड्यानें यंत्रें देणारीं केंद्रें आणि खतें-बियाणें-औषधें यांचे कारखाने बंदींतून सोडण्यांत आले. एप्रिलच्या आरंभीं शेतीयंत्रांचे सुटे भाग व दुरुस्ती यांचीं दुकानेंही सवलतींत आलीं. पुढें २४ एप्रिलच्या हुकुमानें, साथीचीं प्रतिबंधित ठिकाणें सोडून, शहरांच्या हद्दीबाहेरील नोंदणी झालेलीं दुकानें निम्म्या नोकरांनिशीं उघडण्यास परवानगी मिळाली. मात्र याहून कडक नियम करण्याची मुभा राज्यांस होती. या क्रमावरून एक गोष्ट उघड होते. शेतकऱ्याचें दुकान म्हणजे चैनीची जागा नसून तें शेतीचेंच एक अवजार आहे, हें वरिष्ठांच्या ध्यानांत एकेक पुरवणीनें येत गेलें.

दुसऱ्या वर्षीं रोग अधिक उग्र झाला. महाराष्ट्र सरकारनें ५ एप्रिल २०२१ पासून नित्य गरजेचीं नसलेलीं दुकानें पुन्हां बंद केलीं, व व्यापारी वर्गांत मोठी नाराजी पसरली. २० एप्रिलच्या हुकुमानें तर किराणा, भाजी, दूध यांच्या बरोबरीनें शेतीचीं अवजारें व शेतमाल यांचीं दुकानेंही सकाळीं ७ ते ११ एवढाच वेळ उघडीं राहतील असें ठरलें. घरपोंच माल देण्यास मात्र रात्रीं ८ पर्यंत मोकळीक होती. हे कडक निर्बंध वाढत वाढत १ जूनपर्यंत गेले, म्हणजे रोहिणी लागून मृग तोंडावर आला तोंवर.

आतां आमच्या अकोले तालुक्याची रचना ध्यानांत घ्यावी. पूर्वेकडे प्रवरेच्या पाण्यावर ऊस, कांदा, टोमॅटो. पश्चिमेकडे भंडारदऱ्याच्या वर डांगाणांत भात, नागली, वरई. घाटघर-साम्रदच्या बाजूच्या शेतकऱ्यास अकोल्याच्या पेठेंत यावयाचें तर चाळीस-पन्नास किलोमीटरांची वाट. एस. टी. च्या फेऱ्या कमी झालेल्या, खासगी जीपवाल्यास पोलिसांची धास्ती. असा मनुष्य ७ ते ११ या वेळांत राजुरास किंवा अकोल्यास येऊन, रांगेंत उभा राहून, भाताचें बियाणें व खताची गोणी घेऊन परत कसा जाणार? जो पेठेच्या शेजारीं राहतो त्याला चार तास पुष्कळ झाले. जो दूर राहतो त्याला तें दुकान बंद असल्यासारखेंच.

शिवाय वेळ आखडल्यानें गर्दी आखडत नाहीं. ती दाट होते. बारा तासांत येणारीं शंभर माणसें चार तासांत आलीं, तर एका वेळीं उभीं राहणारीं माणसें तिप्पट होतात. हें गणित आहे. त्यांत मतभेदास जागा नाहीं. ४ मे २०२० रोजीं राज्यांत दारूचीं दुकानें एकाएकीं उघडलीं, तेव्हां अशी झुंबड उडाली कीं, मुंबईंत तीं दोनच दिवसांत पुन्हां बंद करावीं लागलीं. वस्तु कोणतीही असो. आज मिळेल, उद्यां मिळणार नाहीं, या भीतीनेंच माणूस माणसावर पडतो.

दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. बंदी घालणाऱ्यांस कांहीं कळत नव्हतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. नवी मुंबईच्या वाशी येथील बाजार आवारांत रोग शिरल्यामुळें तो बाजार मे २०२० मध्यें एक आठवडा बंद ठेवावा लागला; मद्रास शहरांतील कोयंबेडूच्या भाजीबाजारांतून त्याच महिन्यांत रोग दूरदूरच्या जिल्ह्यांत गेला. म्हणजे उघडा बाजार हा निरुपद्रवी असतो असें नाहीं. २०२१ च्या एप्रिलांत खाट व प्राणवायु यांच्यासाठीं रुग्णांचे नातेवाईक गांवोगांव कसे फिरत होते हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ज्या घरांतून कर्ता पुरुष किंवा आई गेली, त्या घराला दुकानाच्या नुकसानीचा हिशेब ऐकवूं नये. ज्या वेळीं रुग्णालयांत जागा नाहीं त्या वेळीं कांहीं दिवसांची कडक बंदी ही औषधासारखीच आहे. प्रश्न औषध घ्यावें कीं न घ्यावें हा नसून मात्रा किती, कोणाला व किती दिवस, हा आहे.

येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगची आठवण उपयोगी पडेल. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग प्रथम मांडवी भागांत, बंदराजवळील धान्याच्या गुदामांच्या वस्तींत, उघडकीस आला. पुढल्याच वर्षीं, १८९७ सालीं, साथरोगाचा कायदा झाला. २०२० सालीं सरकारनें हातीं घेतला तो हाच. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत येई, आणि उंदीर धान्याच्या मागें असत. म्हणून आपले पूर्वज गांव सोडून शेतांत झोपड्या घालून राहिले, व तें शहाणपणाचें ठरलें. करोनाचा रोग मुख्यतः माणसाच्या श्वासावाटे, कोंडलेल्या हवेंत पसरणारा. तेव्हां प्लेगांत जागा वाईट, करोनांत कोंडी वाईट. ओट्यावरून माल देणारें, समोरून मोकळें असलेलें खताचें दुकान आणि दारें लावून थंड हवेंत चालणारें मोठें कापडाचें दुकान या दोहोंस एक नियम लावणें म्हणजे कपाशीचें औषध भातावर मारण्यासारखें आहे. लग्नाला २५ च माणसें व दोनच तास, हा २०२१ चा नियम पुष्कळांस जाचक वाटला. परंतु रोगाची रीत पाहतां तो दुकानाच्या बंदीहून अधिक सयुक्तिक होता असें आमचें मत आहे.

दुकान बंद राहिल्यानें शेतकऱ्याचें काय अडतें, हें शहरांतील माणसास सहसा कळत नाहीं. ऐन उन्हाळ्यांत विहिरीवरील मोटार जळली, तर ती भरून देणारा कारागीर त्याच दिवशीं भेटला पाहिजे. त्याच्या दुकानांत घरगुती पंखेही दुरुस्त होतात म्हणून तें दुकान शेतीचें नव्हे, असें म्हणून चालत नाहीं. मे २०२० मध्यें आपल्या अकोले व संगमनेर भागांत टोमॅटोवर विषाणूचा रोग पडला. फळें सारखीं न पिकतां त्यांवर रंगाचे चट्टे उठूं लागले, व नमुने बंगळूरच्या फळ-भाजी संशोधन संस्थेकडे तपासणीस पाठवावे लागले. माणसाच्या रोगासाठीं घरांत बसावें, तर पिकाच्या रोगासाठीं बाहेर पडावें, अशा कात्रींत शेतकरी सांपडला होता. आणि पेठेंतला दुकानदार नुसता माल देत नाहीं. तो हंगामाची उधारीही देतो. त्याचें दुकान दोन महिने बंद राहिलें, भाडें व वीजबिल मात्र चालू राहिलें, तर तो पुढल्या हंगामास उधार कोठून देणार? दुकानदाराचें नुकसान शेवटीं शेतकऱ्याच्याच खात्यावर चढतें.

मग निर्णय कसा करावा? आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें आम्हांस एक जुनी रीत आठवते, ती म्हणजे पैसेवारीची. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. जिल्ह्यांत पाऊस कमी झाला म्हणून सबंध जिल्हा एकदम टंचाईग्रस्त ठरवीत नाहींत. गांवोगांव समिति बसते, शिवारांतील मुख्य पिकांचे नमुना-तुकडे कापून उत्पन्न मोजतात, प्रथम नजरअंदाज, मग सुधारित, व शेवटीं अंतिम पैसेवारी जाहीर होते. आणि पूर्वी पन्नास पैशांखालीं गेलेल्या गांवासच टंचाईच्या सवलती लागूं होत असत. या रीतींत दोष पुष्कळ आहेत, आणि त्याबद्दलच्या हरकतींचे अर्ज आम्हीं पुष्कळ हाताळले आहेत. तथापि तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व खरें आहे: गांव पाहून गांवाचा निर्णय, ठरलेल्या मापानें, आणि ठरलेल्या मुदतीनें फेरतपासणी. साथीच्या बंदीसही हेंच तत्त्व लावावें, हें या लेखाचें सार आहे.

हें कांहीं स्वप्न नव्हे. ऑक्टोबर २०२१ मध्यें, राज्यांत इतरत्र दुकानें उघडलेलीं असतां, आपल्या जिल्ह्यांत (त्या वेळचा अहमदनगर, आतांचा अहिल्यानगर) दहांहून अधिक चालू रुग्ण असलेलीं ६१ गांवें ता. ४ ते १३ पर्यंत बंद ठेवण्यांत आलीं. त्यांत शेजारच्या संगमनेर तालुक्यांतील गांवें सर्वांत अधिक होतीं. बाकीच्या गांवांचा व्यवहार चालू राहिला. माप ठरलेलें, मुदत ठरलेली, गांवें ठरलेलीं. यांतही एक उणीव राहते: बंद गांवचा मनुष्य शेजारच्या उघड्या गांवीं जाऊन खरेदी करील तर बंदीचा हेतु फसतो. म्हणून बंद गांवास माल घरपोंच मिळण्याची तजवीज त्याच हुकुमांत असली पाहिजे. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारच्या ग्रामस्थांनीं तर श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें घरोघर तपासणी करून व आजाऱ्यास वेळींच वेगळें ठेवून २०२१ सालीं गांव रोगमुक्त केलें. जें गांव स्वतः मोजतें, त्याला बाहेरचा हुकूम कमी लागतो.

वरील विचारावरून आम्ही मंडळाच्या सभासदांपुढें पुढील सूचना ठेवतों.

पहिली: बंदी जिल्ह्यास किंवा तालुक्यास सरसकट न लावतां गांव हा घटक धरावा, रुग्णसंख्येचें माप आधीं जाहीर असावें व दर दहा दिवसांनीं फेरतपासणी व्हावी.

दुसरी: जें दुकान उघडें ठेवावयाचें तें दिवसभर उघडें ठेवावें. गर्दी विरळ करावयाची तर वेळ वाढवावा. तो कमी करूं नये. माल ओट्यावरून द्यावा, आंत कोणास घेऊं नये.

तिसरी: कोणतें दुकान गरजेचें, हें हंगाम पाहून ठरवावें. वैशाखांत मोटारदुरुस्ती व पाइप, ज्येष्ठांत बियाणें व खत, श्रावणांत औषधें व पशुखाद्य. हंगाम गेल्यावर मिळालेली परवानगी ही वाहून गेलेल्या पाण्यासारखी आहे.

चौथी: शेतकऱ्यांनीं गट करून आपली मागणी एकत्र लिहून द्यावी व माल एकाच वाहनानें बांधावर आणावा. २०२० सालीं कृषि खात्यानें गटांमार्फत बांधावर खत-बियाणें पोंचविण्याचा असा प्रयत्न केला होता. वीस जणांनीं पेठेंत जाण्याऐवजीं एकानें जावें, हें साथ नसतांही फायद्याचेंच आहे.

पांचवी: ज्याचें दुकान सर्वांच्या जिवासाठीं बंद केलें, त्याचें भाडें व व्याज यांचा कांहीं भार सर्वांनीं, म्हणजे सरकारनें, उचलावा. दुष्काळांत सारा तहकूब होतो, तर साथींत दुकानाचे कर तहकूब होण्यास हरकत कोणती?

याखेरीज एक गोष्ट आपल्याच हातीं आहे. आपल्या तालुक्यांतील कोंभाळण्याच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांस देशी बियाण्यांच्या जतनासाठीं पद्मश्री जाहीर झाली ती २०२० सालींच. त्यानंतर दोनच महिन्यांनीं देशांतील दुकानें बंद झालीं. ज्याच्या घरीं भाताचें, वालाचें, नागलीचें स्वतःचें बी मडक्यांत होतें, त्यास त्या वर्षीं बियाण्याच्या रांगेंत उभें राहण्याचें कारण नव्हतें. सर्व बियाणें घरीं ठेवतां येईल असें नाहीं. टोमॅटोच्या संकरित रोपासाठीं रोपवाटिकेवर जावेंच लागेल. परंतु पेरणीपुरता कांहीं तरी भाग घरचा असावा, म्हणजे दुकान चार दिवस बंद राहिलें तरी पेरणी बंद राहणार नाहीं.

दुकानें उघडावींत कीं नाहींत, या प्रश्नाचें एका शब्दांत उत्तर देणारा मनुष्य एकतर दुकानदार असतो किंवा पगारदार. शेतकऱ्यास एका शब्दाचें उत्तर परवडत नाहीं. त्याला गांव, हंगाम व रोगाची रीत हीं तिन्ही पाहावीं लागतात. आपल्या मंडळानें येत्या वार्षिक सभेंत वरील सूचनांवर ऊहापोह करून त्यांपैकीं पसंत पडतील त्यांचा ठराव तहसीलदार व पंचायत समिति यांजकडे पाठवावा, अशी आमची विनंती आहे. असा कागद दप्तरीं असला, तर साथीच्या धांदलींत हुकूम लिहिणाऱ्यास तो पाहावा लागतो. नसला, तर तो शहर डोळ्यांपुढें ठेवून लिहितो.