माशांच्या टाकीत हात घालण्यापूर्वी

खानदेशातल्या अनेकांनी समुद्रातला रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्या मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून उभी राहिलेली मुले आज पन्नाशी-साठीत आहेत. आता हौस आणि पैसा असेल तर तोच समुद्र जळगाव किंवा धुळ्याच्या दिवाणखान्यात मांडता येतो. बोअरचे जड पाणी चालत नाही म्हणून आरओचे पाणी घ्यायचे, त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने खास मीठ विरघळवायचे आणि बाहेर पारा ४४ अंशांवर गेला तरी टाकीतले पाणी २५-२६ अंशांवर राहावे म्हणून चिलर लावायचा. एवढा सगळा खटाटोप करणारा माणूस रविवारी टाकी साफ करताना मात्र बाही वर सारून उघडा हात कोपरापर्यंत आत घालतो.

टाकीतले दगड खरखरीत असतात. त्यांच्या कडांनी, शिंपल्यांच्या धारेने, माशाच्या काट्याने बोटाला बारीक ओरखडा उठतो. रक्त येतेच असे नाही. खारट पाण्याने थोडे चुरचुरते आणि माणूस विसरून जातो. दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, त्या जागी लालसर-जांभळी पुळी येते. ती फारशी दुखत नाही, पण बरीही होत नाही. हळूहळू तिची गाठ होते, वर खपली धरते, आणि काहींच्या बाबतीत हाताच्या मागून कोपराकडे एका ओळीत आणखी गाठी उठतात.

हा उद्योग असतो मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाच्या जंतूचा. क्षयाच्या जंतूचा हा चुलतभाऊच. १९२६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांमध्ये जोसेफ आरॉनसन यांना तो सापडला. माणसातला आजार स्पष्ट झाला १९५०च्या दशकात, स्वीडनमध्ये जलतरण तलावात पोहणाऱ्यांच्या खरचटलेल्या कातडीवर. पुढे तलावांत क्लोरीन नीट पडू लागले आणि घरातली माशांची टाकी हा या आजाराचा मुख्य पत्ता झाला. खाऱ्या पाण्याइतकाच तो गोड्या पाण्यातही राहतो, म्हणजे गोल्डफिश पाळणाऱ्यालाही सूट नाही.

या जंतूची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याला ३० ते ३२ अंश तापमान मानवते, शरीराचे ३७ अंश फारसे सोसत नाहीत. म्हणून तो बहुधा हाताच्या, बोटांच्या थंड कातडीवरच मुक्काम करतो. प्रयोगशाळेत नेमकी हीच खोड आडवी येते. गाठीचा तुकडा नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर वाढायला ठेवला तर काहीच उगवत नाही आणि अहवाल 'निरंक' येतो. चिठ्ठीवर माशांच्या टाकीचा उल्लेख असेल, तरच नमुना ३० अंशांवरही ठेवला जातो.

गाडे अडते ते इथे. खानदेशात हाताला न भरणारी जखम म्हटली की डॉक्टरच्या डोळ्यांपुढे बाभळीचा काटा येतो, कापसाच्या वाळल्या बोंडाचे टोक येते, फार तर बुरशी. समुद्र दोनशे-अडीचशे किलोमीटर दूर असलेल्या गावात टाकीचा प्रश्न कोण विचारणार? रुग्णालाही महिन्यापूर्वीचा ओरखडा आठवत नाही. मग साधी अँटिबायोटिक होतात, मेडिकलवरून आणलेले स्टिरॉइडचे मलम होते. त्या मलमाने लाली तात्पुरती उतरते आणि जंतूला मोकळे रान मिळते. बायोप्सी झाली तर ती क्षयासारखी दिसते. घरात 'टीबी' हा शब्द येतो, माणसाची भांडी वेगळी होतात. खरे तर हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. शिवाय टीबीच्या नेहमीच्या औषधांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड यांना तो दादही देत नाही.

वेळेवर ओळखला तर क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, रिफॅम्पिसिन, डॉक्सिसायक्लिन अशांपैकी योग्य औषधांनी तो बरा होतो. मात्र उपचार साधारण तीन-चार महिने चालतात, आणि जखम भरल्यावरही काही आठवडे गोळ्या सुरू ठेवाव्या लागतात. उशीर झाला तर जंतू बोटाच्या स्नायूबंधाच्या आवरणात उतरतो, बोट वाकेनासे होते, शस्त्रक्रियेची पाळी येते. सोनाराच्या, शिंप्याच्या किंवा संगणकावर काम करणाऱ्याच्या दृष्टीने एक आखडलेले बोट म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

प्रवाळाच्या टाकीत आणखी एक धोका असतो, तो जंतूचा नाही. झोअँथिड नावाचे फुलासारखे दिसणारे जीव हौशी लोकांचे लाडके. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या अशाच जीवातून ते प्रथम वेगळे काढण्यात आले. पेशीतले सोडियम-पोटॅशियम तोलून धरणारा पंप ते उघड्या दारासारखा करून टाकते. उघड्या जखमेतून गेले तर हात बधिर होणे, स्नायू दुखणे, छातीत धडधडणे अशी लक्षणे दिसतात. डोळ्यात उडाले तर बुबुळाला इजा होते. नको असलेले झोअँथिड मारण्यासाठी दगड उकळणे हा तर आगीशी खेळ, कारण विष वाफेबरोबर घरभर पसरते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हंटन गावात २०१८ मध्ये टाकीची सफाई करताना असे विष पसरले आणि कुटुंबीयांबरोबर मदतीला आलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावे लागले.

आता हातमोजे. दवाखान्यातले पातळ मोजे दगडाला लागून फाटतात आणि मनगटावरून पाणी आत शिरते. आत पाणी साचलेला मोजा तर कातडी भिजवून आणखी मऊ करतो. कोपराच्या वर जाणारे जाड रबरी किंवा नायट्राइलचे मोजे घ्यावेत. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी नायट्राइलचेच. दर वेळी आधी मोज्यात पाणी भरून छिद्र पाहावे, आणि भांडी-फरशीचे मोजे टाकीत वापरू नयेत, साबणाचा अंश माशांना मारतो. 'मोज्यात बोटांना काही कळत नाही' ही तक्रार खरी आहे. बारीक कामाला लांब चिमटा घ्यावा. लायनफिशचा विषारी काटा मात्र मोज्यातूनही घुसतो. तो लागल्यास भाजणार नाही इतक्या, सुमारे ४५ अंशांच्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना उतरतात. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने पाहावे आणि मग डॉक्टरकडे जावे. पाणी काढण्यासाठी नळी तोंडाने ओढण्याची सवय तर आजच सोडावी. हाताला आधीच जखम असेल, तर त्या रविवारी टाकी दुसऱ्या कुणाकडून साफ करून घ्यावी.

खरचटलेच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे, धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला खूण करावी. दोन महिने त्या जागेवर लक्ष असू द्यावे. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी जास्त सावध राहावे. खाऱ्या पाण्यातील व्हिब्रिओ जातीचे काही जंतू त्यांच्यात काही तासांत हात सुजवून फोड आणतात. ताप आला, लाली वर चढू लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

आणि डॉक्टरला टाकीबद्दल आपणहून सांगावे. काही जण संकोचतात, कारण खडक बांधणाऱ्या भारतीय प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि टाकीतला माल कुठून आला हे त्यांना सांगायचे नसते. तो प्रश्न वनखात्याचा. दवाखान्यात एवढेच कळले तरी पुरते की हात कोणत्या पाण्यात गेला होता. गिरणा-तापीचे मासे कापून विकणाऱ्या बायकांच्या बोटांवरही अशीच पुळी येऊ शकते, आणि त्यांना तर हा प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही.