वायुशेकोटीची धूरनळी
घर उबदार ठेवण्यासाठी नैसर्गिक वायू वा प्रोपेन जाळणाऱ्या शेकोटीतील ज्वलनवायू बाहेर नेणारी नळी. अशा शेकोट्या अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इ. थंड प्रदेशांतील घरांत वापरतात. ज्वलन पूर्ण झाल्यास कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन व प्राणघातक वायू निर्माण होतो. त्यामुळे शेकोटीची जागा ठरविण्याआधीच नळीचा मार्ग आखणे आवश्यक असते.

प्रकार : (१) नैसर्गिक ओढीची नळी. ही दुहेरी भिंतीची (आत ॲल्युमिनियम, बाहेर जस्तलेपित पोलाद) असून छपरातून वर काढतात. ज्वलनास हवा खोलीतून मिळते. ५ मी. उंचीच्या नळीत १५०° से. तापमानाचे वायू व बाहेर ०° से. तापमानाची हवा असल्यास निर्माण होणारी ओढ जेमतेम २२ पास्काल, म्हणजे वातावरणीय दाबाच्या सु. १/४,५०० असते. स्वयंपाकघरातील जोरदार निष्कासक पंख्यानेही ती उलटू शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय इंधन वायू संहितेनुसार अशा नळीचा आडवा भाग सर्वसाधारणपणे उभ्या उंचीच्या ७५ टक्क्यांहून अधिक नसावा. (२) समाक्ष नळी. आतील नळीतून ज्वलनवायू बाहेर जातात व बाहेरील नळीतून ताजी हवा आत येते. शेकोटी काचेने बंद असल्याने खोलीतील हवेशी संबंध येत नाही. दोन्ही मुखे एकाच ठिकाणी असल्याने वाऱ्याचा दाब दोन्हींवर जवळजवळ सारखाच पडतो. म्हणून ही नळी बाह्य भिंतीतून आडवीही काढता येते.

मार्गाची आखणी : आखणी बाहेरील मुखापासून सुरू करावी. मुख खिडक्या, दारे व हवा आत घेणारी छिद्रे यांपासून दूर आणि साचणाऱ्या बर्फाच्या पातळीच्या वर असावे. तेथून शेकोटीपर्यंतचा मार्ग शक्य तितका आखूड व सरळ ठेवावा, कारण प्रत्येक वळणाचा रोध नळीची लांबी वाढविल्यासारखाच असतो. कोणत्या उंचीस किती आडवी लांबी चालेल, हे उत्पादकाच्या आलेखावरून ठरवितात. आडव्या भागाला बाहेरच्या दिशेने चढ देतात. तो बहुधा दर मीटरला सु. २ सेंमी. असतो. लाकडापासून सोडावयाचे अंतर नळीच्या प्रकारानुसार बदलते. पहिल्या प्रकारात ते सामान्यतः २·५ सेंमी. असते. नैसर्गिक ओढीची नळी घराबाहेरून नेल्यास वायू थंड होऊन ओढ घटते व वाफेचे पाणी होऊन धातू गंजतो. म्हणून ती घराच्या आतून न्यावी. निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांस जोडू नयेत.

महाराष्ट्रात शेकोटीची गरज क्वचितच भासते. तथापि लहान, बंद स्नानगृहातील वायुतापकालाही हेच तत्त्व लागू पडते. ज्वलनास पुरेशी हवा व ज्वलनवायूंना बाहेर जाण्यास खात्रीचा मार्ग नसेल, तर गंधहीन विषाची चाहूल लागण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो.