नियमांची झडती घेणारी समिती

कायदा संसद करते, पण आपली गाठ पडते ती नियमांशी. अर्ज कोणत्या नमुन्यात, मुदत किती, शुल्क किती, हे मूळ कायद्यात क्वचितच सापडतं. ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ एवढं म्हणून कायदा मोकळा होतो. उरलेलं मंत्रालयात लिहिलं जातं आणि राजपत्रातून लागू होतं.

या लिखाणावर नजर ठेवायला लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी डिसेंबर १९५३ मध्ये समिती नेमली. पहिलं अध्यक्षपद विरोधी बाकांवरच्या निर्मलचंद्र चटर्जींकडे गेलं. आज तिच्यात पंधरा खासदार असतात, मंत्र्याला मज्जाव. धोरण बरं की वाईट, या वादात ती पडत नाही. नियम कायद्याची हद्द ओलांडतोय का, मागच्या दाराने कर लादतोय का, न्यायालयाची वाट अडवतोय का, अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू होतोय का, हे ती तपासते. काम रुक्ष आहे, म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

एप्रिल २०११ चे इंटरनेट मध्यस्थांचे, म्हणजे इतरांचा मजकूर लोकांपर्यंत पोचवणाऱ्या संकेतस्थळांसारख्या सेवांचे, नियम घ्या. ‘अतिशय हानिकारक’, ‘मानहानीकारक’ अशा शब्दांत निषिद्ध मजकुराची मोठी यादी, आणि तक्रार आली की मध्यस्थाने ३६ तासांत कारवाई करायची. शब्दांचा अर्थ ठरवायचा कोणी? मे २०१२ मध्ये पी. राजीव यांनी राज्यसभेत हे नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आणला; तो फेटाळला गेला. मार्च २०१३ मध्ये पी. करुणाकरन यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या याच समितीने या संदिग्धतेवर बोट ठेवलं आणि फेरविचार सुचवला. तरीही मध्यस्थाने न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच मजकूर काढायचा, हे स्पष्ट झालं ते २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या श्रेया सिंघल निकालात.

दुखणं इथेच आहे. समितीच्या हाती फक्त शिफारस. नियम सभागृहाच्या पटलावर तीस दिवस ठेवतात खरे, पण तोवर ते अमलात आलेले असतात, आणि रद्द झाले तरी आधी झालेली कारवाई वैधच राहते. नियम करायला सहा महिन्यांची मुदत असते, तीही वाढवून मिळते. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम पुन्हा पुन्हा मुदतवाढ घेत ११ मार्च २०२४ ला आले.

महाराष्ट्र विधिमंडळातही हेच काम करणारी उपविधान समिती आहे. एखादा नियम जाचक वाटला तर त्याला मूळ कायद्यात आधार आहे का ते पाहा, आणि नसेल तर आपल्या आमदार-खासदाराला कलम क्रमांकासह लिहा.